तळे खणणारे हात आणि पाण्यावरचा हक्क

आपल्याकडे तळ्याचा इतिहास नेहमी दात्याच्या नावाने सांगितला जातो. अमुक राजाने तळे बांधले, अमुक राणीने घाट बांधला, अमुक सावकाराने नवस फेडण्यासाठी पाळ घातली. शिलालेख असलाच तर त्यावर दात्याचे कुळ, त्याचे गोत्र आणि त्याने जोडलेले पुण्य यांची नोंद असते. कुदळ ज्याच्या हातात होती त्याचे नाव तेथे नसते. ते असावे असे कोणाला कधी वाटलेही नाही. इतिहासकारांनी शिलालेख वाचले, दानपत्रे तपासली, दात्यांच्या वंशावळी लावल्या. परंतु ज्याने तळे खणले त्याला त्या तळ्याचे पाणी मिळाले की नाही, हा साधा प्रश्न त्यांनी विचारला नाही. हा प्रश्न विचारल्याशिवाय तळ्याचा इतिहास पूर्ण होत नाही, आणि नवे तळे कसे बांधावे हेही आपल्याला नीट कळत नाही, असे माझे म्हणणे आहे.

प्रथम श्रमाचा हिशेब मांडू. तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद आणि तीन मीटर खोल असे एक तळे घ्या. कडा ढासळू नयेत म्हणून बाजूंना एकास एक उतार द्यावा लागतो. असे तळे खणायचे तर सुमारे २,२०० घनमीटर माती उचलावी लागते. गवंडी आणि मुकादम यांच्या भाषेत ही पावणेआठशे ब्रास माती झाली. एका घमेल्यात पंधरा किलो माती धरली तर सव्वादोन लाखांहून अधिक घमेली डोक्यावरून वाहावी लागतात. हे झाले लहान तळे. जुन्या गावतळ्यांपुढे ते डबकेच. तेव्हा एखाद्या मोठ्या तळ्याच्या पाळीत किती माणसांच्या माना मोडल्या असतील याचा अंदाज आपणच करावा.

खोदाईच्या कामावर मोजणीची एक जुनी पद्धत आहे. खणताना खड्ड्यात मधे मधे मातीचे खांब तसेच राखून ठेवतात. खांबाची उंची मोजली की किती खोल खणले हे समजते, आणि त्यावरून मजुरी ठरते. मोजणी झाली की ते खांबही पाडून टाकतात. मजुराने केलेल्या कामाचा एवढाच काय तो पुरावा असतो, आणि तो तळे पूर्ण होण्याआधीच नाहीसा होतो. पुढे पाणी भरते, काठावर देऊळ उभे राहते, आणि दात्याचा दगड तेवढा शिल्लक उरतो.

१

हे खणणारे कोण होते? मातीकाम हा ज्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा झाला असे वडार आणि त्यांच्यासारखे भटके समाज त्यात होते. गाढवे, कुदळ, पहार आणि पाल एवढाच त्यांचा संसार. काम निघाले की गावाबाहेर पाल ठोकायचे, काम संपले की पुढच्या गावाला चालू लागायचे. त्यांनी बांधलेल्या तळ्याचे पाणी भरल्यावर पिण्यासाठी ते तेथे राहतच नसत. गावातले महार, मांग हेही होते. वतनी महाराला गावकीचे आणि सरकारचे पडेल ते काम करावे लागे. त्यात वेठ किती आणि मोबदला किती याला धरबंध नव्हता. वतनाच्या या बेडीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले. ही वतने कायद्याने रद्द होण्यास त्यानंतर आणखी तीस वर्षे लागली. तो कायदा १९५८ चा आहे.

खणणाऱ्यांची आठवण इतिहासाने ठेवली नाही, पण लोककथेने ती एका विचित्र रीतीने ठेवली आहे. गुजरातेत पाटण येथील सहस्रलिंग तलावाची कथा प्रसिद्ध आहे. हा तलाव बाराव्या शतकातील राजा सिद्धराज जयसिंह याच्या नावावर आहे. कथा अशी की, तलावाच्या कामावर आलेल्या ओड जमातीतील जसमा या मजूर स्त्रीवर राजाची नजर गेली. तिने राजाला झिडकारले, स्वतःला अग्नीच्या स्वाधीन केले आणि मरताना शाप दिला की या तलावात पाणी ठरणार नाही. तलाव कोरडा राहिला. तेव्हा बत्तीसलक्षणी पुरुषाचा बळी द्यावा असे ठरले आणि निवड झाली ती मायो नावाच्या अस्पृश्य तरुणाची. मरण्यापूर्वी त्याने राजाकडे काय मागितले? माझ्या लोकांच्या गळ्यातले मडके आणि कमरेचा झाडू काढून टाका.

ही दंतकथा आहे; तिच्यातील घटना तशाच घडल्या असा दावा कोणी करू नये. परंतु दंतकथेतही समाजाचे सत्य असते. या कथेत खणणारी स्त्री जळते, अस्पृश्य पुरुषाचे रक्त सांडते, तेव्हा तलावाला पाणी लागते. एवढी किंमत मोजल्यावर त्या माणसाला मागता काय येते, तर मडके आणि झाडू यांपासून सुटका. तलावाच्या पाण्याचा वाटा मागण्याचे धैर्य कथेलासुद्धा झालेले नाही. पाणी त्याच्या रक्ताने भरले, पण ते त्याचे आहे हा विचारच त्या समाजात संभवत नव्हता.

२

हा विचार महाराष्ट्रात प्रथम कृतीने मांडला तो जोतीराव फुल्यांनी. १८६८ साली त्यांनी आपल्या घराचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. पाणी म्हणजे पुण्य नव्हे, पाणी हा माणसाचा हक्क आहे, हे त्यांनी स्वतःच्या अंगणात सिद्ध केले. पण जोतीराव तेवढ्यावर थांबले नाहीत. ते स्वतः बांधकामाच्या धंद्यात होते. खडकवासल्याच्या धरणासारख्या कामांशी त्यांचा संबंध आला होता. दगड, चुना, मजूर, कंत्राटदार आणि इंजिनियर या साऱ्यांचे व्यवहार त्यांनी जवळून पाहिले होते.

म्हणून १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात ते पाण्याची जी योजना मांडतात ती केवळ सदिच्छेची नाही, कामाची आहे. पावसाचे पाणी शिवारातून वाहून न जाता जागच्या जागी मुरावे अशा रीतीने सरकारने लहानमोठे बंधारे घालावेत, डोंगरदऱ्यांतून तळी-तलाव करावेत, आणि त्यासाठी रिकामे असलेले पलटणीतील शिपाई व पोलीस यांचे हात वापरावेत, असे ते सुचवतात. तळ्यांत आणि नदीनाल्यांत साचलेला गाळ शेतकऱ्यांना पूर्वीप्रमाणे नेऊ द्यावा आणि गायराने गावांना परत करावीत, असाही त्यांचा आग्रह आहे. पुढे ज्याला ‘पाणलोट विकास’ असे भारदस्त नाव मिळाले त्याचे बीज येथे आहे. आणि ध्यानात घेण्यासारखी गोष्ट ही की, पाणी, गाळ आणि गायरान या तिन्हींचा विचार जोतीराव एकत्र करतात. तळे म्हणजे नुसते पाणी नव्हे. तळ्याबरोबर त्याच्या वरची जमीन येते, त्यातला गाळ येतो, काठावरचे गवत येते, मासळी येते. यांतली प्रत्येक गोष्ट कोणाच्या तरी वाट्याला जाते. कोणाच्या, हे तळे बांधतानाच ठरून जाते.

३

चवदार तळ्याचा लढा आपल्या सर्वांना पाठ आहे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडला ओंजळभर पाणी घेतले आणि हजारोंनी त्यांचे अनुकरण केले. पुढे तळ्याची ‘शुद्धी’ झाली, दही-दूध-गोमूत्र-शेणाच्या घागरी ओतल्या गेल्या. या लढ्याचा अर्थ माणुसकीचा आहे. पाण्याची तहान हा त्याचा अर्थ नव्हे, हे बाबासाहेबांनीच डिसेंबरच्या परिषदेत स्पष्ट केले होते. पण या लढ्याची एक कायदेशीर बाजू आहे, आणि तळ्याच्या इतिहासात ती फार महत्त्वाची आहे. तिच्याकडे आपण पुरेसे लक्ष दिलेले नाही.

सत्याग्रहाच्या आधी ४ ऑगस्ट १९२३ रोजी सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात संमत झाला होता. सार्वजनिक पैशाने बांधलेले किंवा राखलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना वापरू द्यावेत, असा तो ठराव. त्याला अनुसरून महाड नगरपालिकेने ५ जानेवारी १९२४ रोजी चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला. तो कागदावरच राहिला, आणि सत्याग्रहानंतर ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने तो मागेही घेतला. डिसेंबर १९२७ मध्ये सवर्णांनी दिवाणी दावा लावला. त्यांचे म्हणणे दोन प्रकारचे होते: तळे नगरपालिकेचे नाही, खाजगी आहे, आणि अस्पृश्यांना तेथे मज्जाव करण्याची वहिवाट अनादी काळापासून आहे.

म्हणजे साऱ्या लढ्याचा निकाल शेवटी एका प्रश्नावर येऊन ठेपला, तो असा की तळे कोणाचे? दावा दहा वर्षे चालला. १९३१ साली खालच्या कोर्टाने तो फेटाळला, आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने अखेरचा निकाल बाबासाहेबांच्या बाजूने दिला. तळे सार्वजनिक ठरले आणि वहिवाट अनादी असल्याचे शाबीत झाले नाही.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. चवदार तळे कोणी खणले हा प्रश्न कोर्टापुढे नव्हता. पिढ्यान्‌पिढ्या माती वाहणाऱ्यांना श्रमाच्या आधारे पाण्यावर हक्क सांगण्याची सोय कायद्यात नव्हतीच. हक्काचा दरवाजा उघडला तो पैशाच्या बाजूने. सार्वजनिक पैसा जेथे खर्च झाला तेथे कोणालाही अडवता येणार नाही, हे ते तत्त्व. तेच तत्त्व २६ जानेवारी १९५० रोजी घटनेच्या पंधराव्या कलमात पक्के झाले. त्या कलमात विहिरी, तलाव, स्नानघाट यांचा नाव घेऊन उल्लेख आहे, आणि जे पूर्णतः किंवा अंशतः राज्याच्या निधीतून राखले जातात ते जातीच्या कारणाने कोणालाही नाकारता येणार नाहीत, असे म्हटले आहे. ‘अंशतः’ हा शब्द वाचकांनी लक्षात ठेवावा. त्याच्याकडे पुढे परत यायचे आहे.

कायदा झाला म्हणून पाळीवरची वहिवाट मोडली असे झाले नाही. राजस्थानात जयपूर जिल्ह्यातील चकवाडा गावी २००१ साली दलितांनी गावतळ्याच्या घाटावर आंघोळ केली म्हणून त्यांच्यावर बहिष्कार पडला. त्या तळ्याच्या दुरुस्तीला त्यांनी इतरांप्रमाणेच हातभार लावला होता. महाडनंतर चौऱ्याहत्तर वर्षांनी तळे दुरुस्त करणारा हात चालत होता, पाण्यात बुडणारा हात चालत नव्हता.

४

तळे सार्वजनिक झाले म्हणजे प्रश्न सुटला असे मानण्याचीही चूक करू नये. याचे उदाहरण पूर्व विदर्भात आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत जुन्या मालगुजारी तलावांची संख्या हजारांत आहे. गोंड राजवटीत आणि पुढे मालगुजारीच्या काळात ते बांधले गेले. या बांधणीत कोहळी समाजाचे कौशल्य वाखाणले जाते आणि ते खरेच आहे. दोन टेकड्यांमधली चिंचोळी जागा पाहून पाळ घालायची, जादा पाणी जाण्यासाठी एका अंगाला सांडवा ठेवायचा, एका तलावाचे पाणी पुढच्या तलावात पडेल अशी रांग लावायची, आणि खालच्या बांध्यांत धान पिकवायचे. नकाशा नाही, यंत्र नाही. पावसाचे पाणी कोठून कसे वाहते हे डोळ्यांनी पाहून ही योजना केलेली. ते ज्ञान मोठे होते. परंतु ज्ञान मोठे होते म्हणून वाटप न्याय्य होते असे होत नाही. तलाव मालगुजाराचा होता, उत्तम बांध्या जमीनवाल्यांच्या होत्या, आणि रोवणीला वाकणारी माणसे बहुतेक भूमिहीन होती. ढिवर समाजाचे जगणे तलावातील मासळी आणि शिंगाड्यावर होते. पण ते मालकाच्या मर्जीने.

१९५१ साली मालगुजारी गेली आणि तलाव सरकारच्या मालकीचे झाले. मोठे तलाव पाटबंधारे खात्याकडे गेले. लहान पुढे जिल्हा परिषदांकडे आले. लोक त्यांना आता ‘मामा तलाव’ म्हणतात, माजी मालगुजारी या अर्थाने. मालक गेला, पण त्याच्या जागी गाव आले नाही, खाते आले. पाळीची डागडुजी, गाळ काढणे, पाट साफ ठेवणे या गोष्टी कोणाच्याच राहिल्या नाहीत, आणि कित्येक तलाव गाळाने भरून गेले. काही गावांत ढिवरांच्या मच्छीमार संस्थांनी तलावांची निगा आपल्याकडे घेतली आणि त्यांना जीव दिला, ही त्यातील आशेची बाजू. धडा असा की, सरकारी होणे आणि आपले होणे यांत अंतर आहे. ते अंतर लोकांनी संघटित होऊन तोडावे लागते. शासननिर्णयाने ते तुटत नाही.

५

१९७२ च्या दुष्काळाने महाराष्ट्रात तळी बांधण्याचे सर्वांत मोठे पर्व सुरू केले. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यातील दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या आसपास माणसे होती. खडी फोडणे, रस्ते आणि नालाबांध यांबरोबर पाझर तलावांची कामे गावोगाव निघाली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी योजना याच काळात उभी राहिली. तिचा कायदा १९७७ साली झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागेल त्याला काम, हे तत्त्व कायद्यात आणणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य. शहरातील नोकरदारांकडून १९७५ पासून व्यवसाय कर घेऊन या योजनेला पैसा पुरवला गेला. हे श्रेय दिलेच पाहिजे. या कामाने लक्षावधी चुली पेटत्या ठेवल्या. त्यात आमचीही एक होती.

मराठवाड्यातील आमच्या गावच्या शिवारात त्या वर्षी पाझर तलावाचे काम लागले. आमच्या वस्तीतील झाडून सारी माणसे कामावर होती. पुरुष खणत, बाया घमेली वाहत, आणि आम्ही पोरे पाळण्यातली भावंडे सांभाळत बाभळीच्या सावलीत बसत असू. पाळीच्या पायात आधी खडक लागेपर्यंत चर खणला. त्यात काळी माती भरून, पाणी शिंपून, थरावर थर धुमसाने ठोकला. हा पाळीचा गाभा. दोन्ही अंगांना मुरूम आणि पाण्याच्या बाजूला दगड. आईच्या टाळूवरचे केस त्या वर्षी गेले ते पुन्हा आले नाहीत. आठवड्याच्या मजुरीतून मुकादमाचा हिस्सा कापला जाई; त्याला कोणी चोरी म्हणत नसे, रिवाज म्हणत.

पुढच्या पावसाळ्यात तलाव भरला. गाव आनंदले. आता पाझर तलाव म्हणजे काय ते पाहा. त्याला पाट नसतो, दार नसते. पाणी अडवायचे आणि ते जमिनीत मुरू द्यायचे. मुरलेले पाणी खालच्या अंगाच्या विहिरींना लागते. पाणी मुरताना जात पाहत नाही हे खरे, पण विहीर ज्याची असेल त्याच्याच विहिरीत ते निघते. आमच्या तलावाखालच्या विहिरी ज्यांच्या होत्या त्यांनी दोन वर्षांत ऊस लावला. आमच्या वस्तीत विहीर नव्हती, कारण जमीन नव्हती. माझ्या आईने तो तलाव बांधला, आणि त्याच तलावाच्या पाण्यावर वाढलेल्या उसात ती पुढे वीस वर्षे खुरपणीला गेली. दोन्ही ठिकाणी तिला मजुरी मिळाली. पाणी मात्र कोठेच मिळाले नाही.

हे आमच्याच गावचे दुखणे होते असे नाही. रोजगार हमीच्या कामांवर हा आक्षेप अभ्यासकांनी आणि चळवळींनी पुढे वारंवार घेतला: मजुराच्या हाती आठवड्याची मजुरी येते, आणि त्याच्या श्रमातून जी कायमची मालमत्ता तयार होते ती जमीनवाल्याच्या पदरात पडते. येथे कोणी आम्हाला पाणवठ्यावरून हुसकले नाही. विटाळाचा शब्दही निघाला नाही. तरीही निकाल तोच लागला. जुन्या काळी जे काम पाळीवर उभा राहिलेला सवर्ण करीत असे ते आता सातबारा करतो.

६

मग याला उपाय आहे का? आहे, आणि तो याच महाराष्ट्रात, याच दुष्काळातून निघाला. पुणे जिल्ह्यात पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे या इंजिनियराने देवस्थानची सोळा हेक्टर उजाड जमीन भाडेपट्ट्याने घेतली. उतारावर बांध घातले, पायथ्याशी पाझर तलाव केला, त्याच्याखाली विहीर घेतली आणि पाणी वर उचलून जमीन भिजवली. बांधकामात नवे काही नव्हते. नवे होते ते पाणी वाटण्याचे नियम. पाणी जमिनीच्या प्रमाणात नव्हे, माणसांच्या प्रमाणात द्यायचे: माणशी अर्धा एकर भिजेल इतके, आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचे. पाण्याचा हक्क जमिनीला चिकटलेला नाही. जमीन विकली तरी पाणी विकले जात नाही. ऊस लावायचा नाही. खर्चाचा पाचवा हिस्सा लाभार्थींनी उचलायचा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे भूमिहीनालाही पाण्याचा वाटा.

यालाच पाणी पंचायत म्हणतात. यातल्या सर्वच योजना पुढे टिकल्या नाहीत, आणि भूमिहीनाचा वाटा कागदावरून शेतात आणणे सर्वत्र जमले असेही नाही. परंतु तत्त्व म्हणून याचे मोल मोठे आहे. वाट्याचे पाणी हाती असलेला भूमिहीन दुसऱ्याच्या कोरडवाहू जमिनीत भागीदार म्हणून उभा राहू शकतो. त्याला फक्त मजूर म्हणून उभे राहावे लागत नाही. सांगली जिल्ह्यात येरळा नदीवरच्या बळीराजा धरणासाठी १९८० च्या दशकात जी चळवळ झाली तिनेही भूमिहीनांसह सर्वांना समान पाणी हीच मागणी लावून धरली. सातबारा आणि पाणी यांची गाठ निसर्गाने बांधलेली नाही. ती माणसांनी बांधली. म्हणून माणसांना ती सोडवता येते.

७

आता सांप्रतच्या तळ्याकडे येऊ. २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना राज्यात सुरू झाली. मी आरंभी ज्या तळ्याचे गणित मांडले ते याच योजनेतील सर्वांत मोठ्या आकाराचे तळे होते. अनुदान तेव्हा जास्तीत जास्त पन्नास हजार रुपये होते. अट अशी होती की अर्जदाराच्या नावे किमान ०.६० हेक्टर, म्हणजे दीड एकर जमीन असली पाहिजे; कोकणासाठी अट वेगळी होती. वरची मर्यादा नव्हती. म्हणजे ‘मागेल त्याला’ या शब्दांतून भूमिहीन आणि गुंठेवारीचा धनी आपोआप बाहेर गेला. रोजगार हमीच्या ‘मागेल त्याला काम’ या घोषणेतले काम आमच्या वाट्याला आले होते. ‘मागेल त्याला शेततळे’ यातले तळे येऊ शकले नाही. आणि खोदाई आता यंत्राने होते, तेव्हा मजुरीही गेली.

कित्येक शेततळ्यांना प्लास्टिकचे अस्तर घालतात. अस्तर घातले की पाणी मुरत नाही. मग त्यात पावसाचे पाणी साठवण्याऐवजी विहिरीचे, बोअरचे पाणी उपसून भरले जाते. जमिनीखालचे पाणी, जे निदान शेजाऱ्याच्या विहिरीला किंवा वस्तीच्या हातपंपाला लागले असते, ते वर काढून कुंपणात कोंडले जाते. असे एक मोठे तळे सुमारे बावीस लाख लिटर पाण्याचे. बाष्पीभवन सोडून दिले आणि माणशी रोज चाळीस लिटर धरले, तर दीडशे माणसांच्या वस्तीला ते वर्षभर पुरावे. उन्हाळ्यात वस्तीवर टँकरची वाट पाहणारी बाई आणि तारेच्या कुंपणामागे तुडुंब भरलेले तळे हे दृश्य आपण सर्वांनी पाहिलेले आहे.

येथे तो ‘अंशतः’ शब्द आठवावा. १९२३ च्या ठरावाने सांगितले की सार्वजनिक पैशाने जे बांधले ते सर्वांचे. घटनेने त्यात अंशतः खर्चालाही सामील केले. आज सार्वजनिक पैशाने अंशतः बांधलेली तळी हजारांनी आहेत, आणि त्यांच्यावर कुंपण आहे. खाजगी शेततळे घटनेच्या त्या कलमात कायद्याने बसते की नाही हा वकिलांचा प्रश्न आहे. बहुधा बसणार नाही. पण त्या कलमामागचा विचार आपला आहे, आणि तो विचारण्याचा अधिकार कोणाच्या परवानगीने मिळत नसतो. चवदार तळे खाजगी आहे असे सिद्ध करण्यासाठी सवर्णांना दहा वर्षे कोर्टात झगडावे लागले आणि तरी ते हरले. आज तळे खाजगी करण्यासाठी एक अर्ज पुरतो, वर अनुदान मिळते.

गाळाचेही तसेच. जोतीरावांनी मागितलेला तळ्यातील गाळ २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ या योजनेतून शेतकऱ्याला मिळू लागला. चांगली गोष्ट आहे. पण गाळ टाकायला शेत लागते.

८

म्हणून माझे कार्यकर्त्यांना, विशेषतः ग्रामसभेत बसणाऱ्या तरुणांना सांगणे आहे की, तळ्याच्या कामाला विरोध करू नका. पण तळ्याचा आराखडा मंजूर होत असताना गप्पही बसू नका. पाळ पडली की उशीर झालेला असतो. आराखडा समोर आला की काही साधे प्रश्न विचारा आणि त्यांची उत्तरे ठरावात लिहून घ्या.

बुडणारी जमीन कोणाची? तळ्यासाठी गावाला नेहमी गायरान दिसते. त्या गायरानावर दादासाहेब गायकवाडांच्या १९५९ च्या आणि १९६४-६५ च्या भूमिहीन सत्याग्रहांपासून आपल्या माणसांनी घाम गाळला आहे. ‘पडीक’ असे कागदावर लिहिलेली जमीन प्रत्यक्षात कोणाची तरी भाकरी असते. दुसरा प्रश्न, तळ्याखाली कोणाच्या विहिरी आहेत, आणि दलित वस्तीसाठी सार्वजनिक विहीर त्याच पाझराच्या पट्ट्यात घेता येईल की नाही? तिसरा, वस्तीपासून पाण्यापर्यंत वाट कोणत्या बाजूने आहे, आणि ती कोणाच्या बांधावरून जाते? चौथा, मासळीचा ठेका, काठावरचे गवत आणि पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी जमीन भूमिहीनांच्या गटाला मिळणार की लिलावात जाणार? पाचवा, पाणी उपसायचेच असेल तर वाटा माणशी की एकरी? २००५ च्या राष्ट्रीय रोजगार हमी कायद्याने अनुसूचित जाती-जमातींच्या जमिनीवर पाण्याची कामे घेण्यास जागा दिली होती. पण ज्याला जमीनच नाही त्याच्या वाट्याचा प्रश्न कोणत्याही योजनेने आपणहून सोडवलेला नाही.

हे प्रश्न अवघड नाहीत. इंजिनियर पाळीची उंची सांगेल, सांडव्याची रुंदी सांगेल, पायाची खोली सांगेल. पाणी कोणाचे हे तो सांगणार नाही. ते त्याचे कामही नव्हे. ते गावाला ठरवावे लागते, आणि गाव ठरवते तेव्हा गावात आपण असावे लागते.

आमच्या गावचा तो पाझर तलाव अजून आहे. अर्धा गाळाने भरला आहे. पाळीवर योजनेच्या नावाचा एक दगड आहे. त्यावर खर्चाची रक्कम आहे, साल आहे. खणणाऱ्यांची नावे नाहीत, आणि ती असावीत असा माझा हट्टही नाही. आईने कधी दगडावर नाव मागितले नाही. उन्हाळ्यात वस्तीच्या विहिरीला पाणी असावे, एवढेच तिचे म्हणणे होते. मागच्या वर्षी तलावातील गाळ काढण्याचा विषय ग्रामसभेत निघाला तेव्हा आमच्या वस्तीतील मुलींनी प्रथमच उठून विचारले की, गाळ कोणाच्या शेतात जाणार आणि वस्तीची विहीर कोठे घेणार. सभा थोडा वेळ निरुत्तर झाली. विहिरीचा ठराव अजून व्हायचा आहे.